धुतलेली वेल

लखनौच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, असं अंक काढणाऱ्या काकूंनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. या अंकात संशोधन संस्थांमधले काका लिहितात, विद्यापीठातल्या मॅडम लिहितात. माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सरोजिनी नगरात दोन खोल्या बांधून इथेच राहिले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. माझं मराठी आईच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि लहानपणी तर मी तिला हिंदीतच उत्तरं द्यायचो. त्यामुळे हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. चुका होतील, त्या पोटात घालाव्यात.

शिवाय माझं कामही सांगण्यासारखं होतं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी चार वर्षं इंटरनेटवरून जुने कपडे विकले.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. दोन हजार तेरा साल असावं. निशातगंजमध्ये नसरीन आपांचं, म्हणजे नसरीनताईंचं, दुकान होतं. आपा आधी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. लखनौच्या जुन्या घरांमधल्या पेट्या उघडल्या की त्यातले गरारे म्हणजे घेरदार पायजमे, अंगरखे, चिकनच्या भरतकामाचे कुर्ते, जरीच्या कामदानीचे दुपट्टे लोक आपांकडे आणून द्यायचे आणि आपा ते विकायच्या. दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं, म्हणून त्यांनी ते फोनवरून आणि विक्रीच्या साईटवरून विकायला काढले, पण तिथेही काही हलेना. माझ्याकडे बऱ्या कॅमेऱ्याचा फोन होता आणि मोडकंतोडकं इंग्रजी होतं. तेवढ्यावर त्यांनी मला ठेवलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "लोकांची उतरलेली कापडं इकायला कॉलेजात घातलं व्हय तुला?"

आई म्हणाली, "धुऊन तरी घेतात का रे ती?"

आईचा हा प्रश्न मी मनावर घेतला. नंतर जे झालं त्याचं मूळ त्यात आहे, असं मला कधी कधी वाटतं. पण आईवर ढकलणं बरं नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवा कपडा विकताना एक फोटो काढला की शंभर कपडे विकता येतात. जुना कपडा एकच असतो. घेणाऱ्याला तो हातात घेऊन बघता येत नाही, वास घेता येत नाही, उजेडाकडे धरून विरलेला भाग शोधता येत नाही. ते सगळं त्याच्या वतीने आपण करायचं असतं. मी सकाळी खिडकीच्या उजेडात फोटो काढायला लागलो, कारण ट्यूबलाईटखाली केशरी रंग विटकरी दिसतो. घडीच्या रेषा जवळून दाखवायला लागलो, कारण जुनं रेशीम सगळ्यात आधी घडीवर फाटतं. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे कपड्याचा दोष मी पहिल्या ओळीत लिहायला लागलो. 'डाव्या बाहीला काखेत भोक आहे, बोट जाईल एवढं.' आपा घाबरल्या. पण ज्या कपड्याचं भोक आम्ही आधी सांगितलं तो परत येईना, आणि परत आला नाही की लोक दुसरा मागवायचे. विक्री वाढली. याचा मला अभिमान होता, हे लपवत नाही.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. एकाला प्रत्येक कपडा कुठल्या बेगमचा होता ते हवं असायचं. आपा तसलं काही लिहू द्यायच्या नाहीत. "जितना मालूम है उतना लिखो," म्हणायच्या. दिल्लीच्या एका बाईने गरारा घेण्याआधी विचारलं, की हा घालून कोणी वारलं तर नव्हतं? मी काय उत्तर द्यावं म्हणून आपांकडे बघितलं. आपा कात्री बाजूला ठेवून म्हणाल्या, "लिख दो, मरने का पता नहीं, इसमें लोग जिए ज़रूर थे." मी तसंच लिहिलं. बाईंनी गरारा घेतला.

फोटो काढायची माझी एक युक्ती होती, तीही सांगून ठेवतो. मलमलचा दुपट्टा चटईवर पसरला की पंख्याने उडायचा आणि पंखा बंद केला की आम्ही घामाने निथळायचो. आपांकडे शाळेच्या दिवसांतला लाकडी गज होता. कपडा मोजायची पट्टी, चांगली तीन बोटं रुंद. मी तो गज दुपट्ट्यावर आडवा ठेवायला लागलो. कापड उडायचं नाही आणि माप आपोआप फोटोत यायचं. आपा म्हणाल्या, "लड़का तेज़ है." मला फार बरं वाटलं.

बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात मोहसिना खाला, म्हणजे मोहसिना मावशी, दुकानात आल्या. अमीनाबादच्या मागे एका गल्लीत त्या राहायच्या. पन्नास वर्षं त्यांनी चिकनचं भरतकाम केलं होतं, आणि आता डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. नातीचा हात धरून त्या आल्या आणि पिशवीतून एक मलमलचा दुपट्टा काढून आपांच्या मांडीवर ठेवला.

त्या दुपट्ट्यावर एक वेल होती. एका टोकाला मुळं, तिथून ती चढत, वळत दुसऱ्या टोकापर्यंत जायची. निम्म्यापर्यंत पांढऱ्या दोऱ्याने भरलेली होती. इतकं बारीक काम मी पुन्हा पाहिलं नाही. उरलेली निम्मी नुसती निळी होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. चिकनचं काम करण्याआधी कापडावर लाकडी ठशांनी नक्षी छापतात. नीळ आणि गोंद यांचं पाणी असतं. बायका त्या निळ्या रेषांवर टाके घालतात, आणि काम पुरं झालं की धोबी ती नीळ धुऊन काढतो. म्हणजे निळी रेघ ही पुसली जाण्यासाठीच असते. पण काम पुरं होईपर्यंत तीच सगळं काही असते.

ही वेल खालांच्या मियांनी छापली होती. ते छपाईचं काम करायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दुकानाच्या कामातून वेळ काढून, वीसेक छोटे ठसे हवे तसे फिरवून त्यांनी ती बायकोसाठी छापली. एकही फूल दुसऱ्यासारखं नव्हतं. खाला दुसऱ्यांची कामं संपवून उरल्या वेळात ती भरायच्या. मियां गेले, ठसे विकले गेले, मग डोळे गेले. घरात आता सुई धरणारं कोणी नव्हतं.

"ऐसे किसी को देना जो पूरा करवा ले," खाला म्हणाल्या. "आधा मत पड़ा रहने देना."

आपांनी शब्द दिला. मी फोटो काढले, सोळा. लिहिलं, 'काम अपूर्ण आहे.' आणि काही होईना. लोक विचारायचे, हे निळे डाग कसले? शाई सांडली आहे का? डाग जातील का? मी प्रत्येकाला समजावून लिहायचो. सहा महिने गेले. बाकी सगळं विकलं जात होतं आणि खालांचा दुपट्टा यादीत तळाला जात होता. दर महिन्याला नात फोन करायची, "दादी पूछ रही हैं." मला त्या फोनची भीती वाटायला लागली.

मग मी ती गोष्ट केली. आपा आठ दिवस कानपूरला मुलीकडे गेल्या होत्या. धोबी छोटेलाल कपडे न्यायला आला, तेव्हा मी त्या गाठोड्यात दुपट्टाही टाकला. मी विचार असा केला की लोकांना डाग दिसतात, डाग गेले की भरलेला भाग उठून दिसेल, दुपट्टा एखाद्या चांगल्या घरी जाईल आणि तो फोन बंद होईल. पूर्ण करण्याची अट मला आठवत नव्हती असं नाही. नवी नक्षी छापून घेईल कोणीतरी, असं मी स्वतःला सांगितलं. त्या निळ्या रेषा कोणाच्या हातच्या आहेत, याचा विचार मी केला नाही. दोन वर्षं चिकन विकून मला एवढं कळलं नव्हतं.

छोटेलालने काही विचारलं नाही. तो का विचारेल? त्याच्याकडे येणारं प्रत्येक चिकन नीळ काढायलाच येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर भोपाळहून निरोप होता. रेखाजी म्हणून एक शिक्षिका. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांची मौसी लहानपणी लखनौला होती, चिकन शिकलेली आहे, आता घरात रिकामी बसून असते. तिने फोटो बघितला आणि दिवसभर फोन हातातून सोडला नाही. 'आम्ही घेतो. मौसी स्वतः पूर्ण करील. फक्त एक विनंती, कृपया धुऊ नका.'

मी चपला न घालताच रस्त्यावर आलो, परत जाऊन घातल्या. निशातगंजच्या पुलाखाली गोमतीच्या काठी छोटेलालचं काम चालायचं. रिक्षा मिळाली नाही म्हणून पळत गेलो. वाटेत मी मनात हिशोब करत होतो: काल दुपारी नेलं, आधी भिजत घालतो, मग भट्टी. आज सकाळी भट्टी लागत असेल. कदाचित चादरी आधी घेतल्या असतील. चादरी आधी घेतल्या असतील, हे मी पुलापर्यंत म्हणत राहिलो.

काठावर दोऱ्या बांधलेल्या होत्या. चादरी ओल्याच गठ्ठ्यात पडल्या होत्या. दुपट्टा दोरीवर होता, पांढराशुभ्र.

छोटेलाल खूश होता. "भैया, बड़ा ज़िद्दी नील था. बरसों का होगा. दो बार भट्टी चढ़ाया, तब छूटा. देखो, एक निशान नहीं!"

मी उजेडाकडे धरून बघितलं. खरंच एकही खूण नव्हती. भरलेली वेल मधोमध येऊन थांबली होती आणि तिच्यापुढे नुसतं कापड. छोटेलाल माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला शाबासकी हवी होती. मी दिली. त्याची काय चूक?

आपा परत आल्या त्या संध्याकाळी मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. बराच वेळ दुपट्ट्याची किनार बोटांत फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ख़ाला को दिखता तो है नहीं."

मी मान वर केली. तीच गोष्ट मी दोन दिवस मनात धरून बसलो होतो.

"तुमने भी यही सोचा?" आपांनी विचारलं.

"जी."

"मैंने भी सोचा. इसीलिए कल तुम जाओगे, और दुपट्टा लेकर जाओगे."

सकाळी अमीनाबादला रिक्षातून उतरलो आणि त्या गल्लीत तीन वेळा पुढे जाऊन मागे आलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दार उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत नात ओरडली, "दादी, दुकान वाले भैया!" खालांनी हात पुढे केले. "बिक गया?"

मी म्हणालो, "जी, भोपाल से एक मौसी ले रही हैं. ख़ुद पूरा करेंगी."

खालांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि अल्लाचे आभार मानले. नातीला चहा ठेवायला सांगितला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. चहा आला, मी प्यायलो, बोललो नाही. मौसी कुठे शिकली, आता काय करते, खाला विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होतो. सगळी खरी उत्तरं होती. त्यामुळेच ते जास्त वाईट होतं.

मग त्या म्हणाल्या, "जाने से पहले एक बार हाथ में दे दो."

मी पिशवीतून दुपट्टा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. मुळांपासून त्यांची बोटं चढायला लागली. टाका ओळखत होत्या, पुटपुटत होत्या, "ये बरसात में काढ़ा था... ये मुन्नी के होने पर..." बोटं निम्म्यावर आली. भरलेलं काम संपलं. तिथून पुढेही बोटं तशीच जायला लागली, जणू पुढेही काहीतरी आहे. मग थांबली. मागे आली, परत पुढे गेली.

"गोंद कहाँ गया?"

नीळ दिसण्यापुरतीच असते असं मला वाटत होतं. पण तिच्यात गोंद असतो आणि गोंदाने कापड किंचित कडक होतं. बावीस वर्षांच्या माझ्या बोटांना ते कधी कळलं नव्हतं. खाला इतकी वर्षं तीच वेल बोटांनी बघत होत्या.

"किसने धोया?"

"मैंने भेजा था. ग़लती हो गई."

"चाय पीते वक़्त मालूम था?"

"जी."

त्यांनी दुपट्टा घडी करून माझ्याकडे दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. नात दारापर्यंत आली आणि तिने माझ्यामागे कडी लावली. कापड धुतलं त्यापेक्षा तो चहा मला जास्त टोचतो, आजही.

दुकानात येऊन मी रेखाजींना सगळं लिहिलं. दोष पहिल्या ओळीत लिहायचा हा माझाच नियम होता, म्हणून पहिली ओळ अशी लिहिली: 'दुपट्टा माझ्या चुकीने धुतला गेला आहे.' लिहिता लिहिताच मला फोटो आठवले. सोळा फोटो. वरून, सरळ, खिडकीच्या उजेडात. आणि प्रत्येकात गज. म्हणजे माप होतं. फोटो खऱ्या आकारात छापता येणार होते!

तीन दिवस लागले. कागद जोडून जोडून जमिनीवर ती निळी वेल परत उभी राहिली. आपांनी जुन्या शहरातल्या एका छपाईवाल्या चचांना बोलावलं. चचांनी चष्मा पुसला, कागदांवर वाकले. "वाह, क्या हाथ था," म्हणाले. काही पानं आपल्या ठशांनी छापीन, बाकी काडीने रेखाटीन, असं कबूल केलं. मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"और यहाँ? यहाँ क्या था?"

तिथे गज होता. तीन बोटं रुंद, दुपट्ट्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. त्या बाजूचे सगळे फोटो मी एकाच मांडणीत काढले होते, त्यामुळे सगळ्यांत गज तिथेच. खालून एक वेल येत होती आणि वरून पाच फांद्या निघत होत्या. एकाच्या पाच कशा झाल्या, ते गजाखाली होतं.

"अंदाज़ से जोड़ दूँ?" चचांनी विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. पण माझ्या कानात तो चहाचा प्रश्न होता. मी परत अमीनाबादला गेलो. या वेळी दारातच सांगितलं, बसलो नाही. फोटो आहेत, वेल परत छापता येते, फक्त एक पट्टी नाही, ती माझ्या गजाखाली गेली. तुम्हीच सांगू शकता.

खाला ऐकत होत्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलली, एक रेघ वर गेली, आणि थांबली. त्यांना आठवत होतं, मी पाहिलं.

"तुम्हें नहीं बताऊँगी," त्या म्हणाल्या. "जिसे पूरा करना है, वो आके पूछे."

चचांनी पट्टी कोरी सोडून वेल छापली. रेखाजींचं दोन शब्दांचं उत्तर आलं होतं, 'भेज दीजिए.' मी पार्सलमध्ये सगळे कागद ठेवले, खालांचा पत्ता ठेवला आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं. पार्सल पोचल्याची सही आली. त्यानंतर काही नाही. मी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. चिडल्या असतील, किंवा मौसीने तो दुपट्टा कपाटात टाकला असेल, किंवा मौसीच उरली नसेल. अर्धं काम पडून राहू देऊ नका, असं ज्या बाईने सांगितलं होतं, तिचं काम मी पुसूनही टाकलं आणि अर्धंही ठेवलं.

मी आणखी जवळजवळ दोन वर्षं दुकानात होतो. विक्री चांगली चालली होती. मी फोटो काढायचो, दोष लिहायचो, पण चिकन आलं की ते आपांच्याच हातात द्यायचो. दर ईदला खालांकडे जायचो. त्या दार उघडायला सांगायच्या, शेवया द्यायच्या, चहा कधी विचारला नाही. दुपट्ट्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि माझ्याकडेही सांगायला काही नव्हतं. मग एम. ए.चं शिक्षण आणि एका शाळेतली नोकरी यामुळे मी दुकान सोडलं. बाबा म्हणाले, "आता कसं माणसात आलास."

पार्सल जाऊन अडीच वर्षं झाली होती. एका दुपारी शाळेत तास संपवून बाहेर आलो तर आपांचे चार मिस्ड कॉल होते. खालांचं काही झालं, हेच पहिलं मनात आलं. मी मैदानाच्या कडेला जाऊन फोन लावला.

आपा श्वास न घेता बोलत होत्या. भोपाळहून दोघी आल्या होत्या. मौसी मध्यंतरी पडली होती, वर्षभर अंथरुणात होती, म्हणून उत्तर नाही. अंथरुणातच सगळी वेल भरली, एक पट्टी सोडून. उठून चालायला लागली तशी रेखाजींना म्हणाली, मला लखनौला ने, विचारायचं आहे. चार दिवस ती खालांकडेच राहिली. "एक को दिखता नहीं, दूसरी को सुनता नहीं," आपा हसत होत्या, "पूरी गली जमा थी." खालांनी मौसीचा तळहात धरून त्यावर बोटाने ती जागा काढून दाखवली, एकाच्या पाच कशा होतात ती, आणि मौसीने तिथेच बसून भरली. आज सकाळी छोटेलालने स्वतः येऊन नीळ धुवायला दुपट्टा नेला, बाकी कोणाला हात लावू दिला नाही.

"और सुनो," आपा म्हणाल्या, "ख़ाला ने तुम्हारे लिए कहलवाया है."

"क्या?"

"कहती हैं, उस लड़के से कहना, आके चाय पी जाए. और गज कपड़े के बाहर रखा करे."